आमची वाटचाल : चॅनेल गेलं, सामने चालू राहिले

आमची कंपनी ई-स्पोर्ट्सचं, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांचं, थेट प्रक्षेपण करते. सुरुवात एका टीव्ही चॅनेलसाठी झाली, आज सगळं काम स्ट्रीमिंगचं आहे. मधल्या काळात काय घडलं ते आम्हीच सांगायला हवं, कारण दर्जा नव्हता म्हणून ई-स्पोर्ट्स टीव्हीवर टिकलं नाही, असं सांगत फिरणारे लोक अजूनही भेटतात. दर्जा होता. तो आम्ही दिला होता.

आम्ही धंद्यात उतरलो तेव्हा सगळ्यांचे डोळे कोरियाकडे लागलेले असायचे. तिथे २००० साली ऑनगेमनेट हे फक्त गेमिंगचं चॅनेल सुरू झालं. २००४ मध्ये बुसानच्या ग्वांगअल्ली किनाऱ्यावर प्रोलीगच्या, म्हणजे स्टारक्राफ्ट या युद्धाच्या गेमच्या सांघिक लीगच्या, अंतिम सामन्याला लाखभर माणूस लोटला, असं सांगतात. त्या सामन्यांची रेकॉर्डिंग आम्ही थांबवून थांबवून बघायचो. त्यातून एक गोष्ट लक्षात आली, जी टीव्हीवाल्यांना कधीच उमगली नाही. स्टारक्राफ्टचं चित्रच मुळात ६४० बाय ४८० चं होतं. जुन्या ४:३ टीव्हीत ते जवळजवळ जसंच्या तसं बसायचं. पुढे गेमचं चित्र मोठं झालं, अक्षरं बारीक झाली, आणि टीव्ही मात्र इंटरलेस्डवरच, म्हणजे एक आड एक रेघ दाखवण्याच्या जुन्या पद्धतीवरच, अडून राहिला.

ज्यांनी हे काम हाताने केलंय त्यांना वेगळं सांगायला नको. पीसीचा सिग्नल स्कॅन कन्व्हर्टरमधून (तो टीव्हीच्या चित्रात बदलणारं यंत्र) काढून स्विचरला (कोणतं चित्र दाखवायचं ते निवडणारं यंत्र) दिला की एका पिक्सेलची प्रत्येक आडवी रेघ थरथरायला लागते. हेल्थ बार, म्हणजे खेळाडूची उरलेली ताकद दाखवणारी पट्टी, थरथरतो, गोळ्यांचे आकडे थरथरतात. फिल्टर लावून चित्र मऊ केलं की थरथर थांबते, पण मग खेळाडूंची नावं वाचता येत नाहीत. त्यात सेफ एरियाचा, म्हणजे टीव्हीवर नक्की दिसणाऱ्या भागाचा, घोळ. मिनीमॅप, म्हणजे सगळ्या मैदानाचा छोटा नकाशा, असतो अगदी कोपऱ्यात, आणि घरच्या टीव्हीवर कडा कापल्या जायच्या. ज्या नकाशावर सामना कळतो तोच अर्धा गायब! आम्ही गेमचं चित्र ९० टक्क्यांवर आणलं, भोवती चौकट बसवली आणि संघांची नावं, गुण, राऊंड सगळं त्या चौकटीवर घेतलं. ती चौकट आमची. रात्र रात्र बसून केलेली.

आमचा पहिला भागीदार मूळचा खेळाडू. आमच्याकडे तो ऑब्झर्व्हर झाला, म्हणजे गेमच्या आतला कॅमेरामन. त्याचं काम शेजारी बसून बघावं असं. डावा हात आकड्यांच्या बटणांवर (एक आकडा म्हणजे एका खेळाडूचं दृश्य), नजर मुख्य चित्रावर कमी आणि मिनीमॅपवर जास्त. दोन ठिपके एकाच दाराकडे सरकताना दिसले की टॉकबॅकवर, म्हणजे आमच्या आपसातल्या बोलण्याच्या लाइनवर, हळूच म्हणायचा, “चारवर जातोय.” म्हणेपर्यंत गेलेला असायचा, आणि पहिली गोळी प्रेक्षकाला दिसायची. आवाज ऐकून कॅमेरा वळवणाऱ्याला फक्त पडलेला खेळाडू दिसतो, हे त्याचं सांगणं आजही आमच्याकडे प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या दिवशी सांगितलं जातं. अशा माणसाला चॅनेलची मंडळी ‘कॉम्प्युटर ऑपरेटर’ म्हणायची. श्रेयनामावलीत मेकअपवाल्यापर्यंत सगळ्यांची नावं जायची. याचं नाव मागितलं तर जागा नाही म्हणाले.

खरा तंटा घड्याळाचा होता. तीन सामन्यांची लढत कधी पाऊण तासात आटोपते, कधी तीन तास चालते. चॅनेलला तासाचा स्लॉट भरायचा असतो, त्यात ठरलेल्या मिनिटाला जाहिरात. मग म्हणतात खेळच छोटा करा. अमेरिकेत डायरेक्टीव्हीने २००७ मध्ये चॅम्पियनशिप गेमिंग सीरीज काढली, तीत काउंटर-स्ट्राइक या गोळीबाराच्या गेमच्या राऊंड टीव्हीसाठी कमी केल्या. ज्यांना खेळ कळत होता ते रागावले, ज्यांना कळत नव्हता ते आलेच नाहीत. २००८ अखेर दुकान बंद. कोरियातलं एमबीसी गेम २०१२ मध्ये संगीताचं चॅनेल झालं. आमच्यावर वेळ आली तेव्हा ही उदाहरणं समोर होती, पण त्याने घाव हलका होत नाही.

हंगाम अर्ध्यावर होता. कर्ज काढून नवा स्विचर घेतलेला. चॅनेलकडून निरोप आला की पुढचे भाग दुसरीकडे दिले आहेत. ‘दुसरीकडे’ म्हणजे खेळांच्या प्रक्षेपणातली एक मोठी कंपनी, जिने आमच्या निम्म्या दरात काम घेतलं. ओबी व्हॅन (बाहेरून प्रक्षेपण करायच्या गाड्या) त्यांच्या, माणसं त्यांची, पण ऑब्झर्व्हर एकही नाही. पहिला भाग लावला आणि आम्ही सगळे गप्प झालो. चौकट आमचीच होती. फक्त रंग बदलला होता. ग्राफिक्सच्या फाइल्स आम्ही चॅनेलकडे मंजुरीसाठी दिल्या होत्या, तिथून त्या पुढे गेल्या. आणि इतकं करून मिनीमॅप कापलेलाच! चौकट उचलली, ती कशासाठी होती ते त्यांना कळलंच नाही. कास्टर, म्हणजे समालोचक, ओरडतोय, आणि पडद्यावर एक माणूस रिकाम्या खोलीत उभा.

आमचं बिल थकलं ते थकलंच. आधी ‘हिशेब विभागात आहे’, मग ‘साहेब बदलले’, मग फोन उचलणंच बंद. स्विचर विकला. भागीदाराने त्या काळात एक पैसाही उचलला नाही, वर स्वतःचा पीसी कंपनीत आणून ठेवला. लेखापाल दरवर्षी ती रक्कम बुडीत खात्यात टाका म्हणतात. मी टाकत नाही.

त्यातून आम्हाला बाहेर काढलं एका ग्राहकाने. फायटिंग गेमच्या स्पर्धा भरवणारा माणूस, स्वतःच्या खिशातून चालवणारा. टीव्ही नको, इंटरनेटवर दाखवा म्हणाला, आणि निम्मे पैसे आधी हातात ठेवले. जस्टिन डॉट टीव्ही या थेट व्हिडिओच्या साइटमधून ट्विच हे गेमिंगचं संकेतस्थळ २०११ च्या जूनमध्ये नुकतंच वेगळं निघालेलं होतं. एक पीसी, गेमचं चित्र पीसीत घेणारं एक कॅप्चर कार्ड, दोन माइक एवढ्यावर उभे राहिलो. चित्र कार्डात रेंगाळून मागे पडायचं आणि कास्टर आधीच ओरडायचा, म्हणून माइकच्या आवाजाला तेवढाच उशीर दिला. अंतिम लढतीत पराभूतांच्या फळीतून, म्हणजे आधी एकदा हरून, आलेल्या मुलाने पहिला संच जिंकला. आता दोघांचा एकेक पराभव झाला, म्हणून नियमाप्रमाणे पुन्हा पहिल्यापासून. मध्यरात्र उलटून गेली होती. टीव्हीवर असतो तर बातम्या सुरू झाल्या असत्या. इथे कोणी तोडायला नव्हतं. चॅटमध्ये लोक वाढतच होते, आणि भागीदार मला म्हणाला, “आता जाऊ दे हवं तेवढं लांब.” तो ग्राहक आजही आमच्याकडेच आहे, आणि त्याला आजही आम्ही जुनाच दर लावतो.

त्यानंतर काम वाढत गेलं. २०१४ मध्ये ॲमेझॉनने सुमारे ९७ कोटी डॉलरला ट्विच घेतलं, तेव्हा आम्हाला नाकारणाऱ्यांचे फोन यायला लागले. ते असो.

नव्या मुलांना मात्र दोन शब्द सांगतो. स्ट्रीमिंग आलं म्हणून आपण मालक झालो असं समजू नका. फुटबॉल कोणाच्या मालकीचा नाही, गेम मात्र कोणाचा तरी असतो. २०१० मध्ये स्टारक्राफ्ट बनवणाऱ्या ब्लिझार्डने कोरियातल्या चॅनेल्सशी हक्कांवरून कसा वाद घातला ते वाचा. २०१९ पासून एलसीकेचं, म्हणजे लीग ऑफ लेजेंड्स या गेमच्या कोरियातल्या लीगचं, प्रक्षेपण गेमची मालक कंपनी रायटने स्वतःच्या हातात घेतलं, आणि ती लीग नावारूपाला आणणारं ऑनगेमनेट बाजूला पडलं. प्लॅटफॉर्मचंही तेच. नेटवर्कचं शुल्क परवडत नाही म्हणून ट्विच फेब्रुवारी २०२४ मध्ये कोरियातून निघून गेलं, ज्या देशात या धंद्याचा जन्म झाला तिथून! म्हणून गेमची परवानगी लेखी घ्या. एन्कोडिंगचा, म्हणजे चित्र इंटरनेटसाठी तयार करणारा, पीसी वेगळा ठेवा, त्यावर दुसरं काही चालवू नका. क्लीन फीड, म्हणजे ग्राफिक्सविना मूळ चित्र, नेहमी स्वतःकडे रेकॉर्ड करा, कास्टरचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर. मंजुरीसाठी ग्राफिक्स पाठवायचे तर व्हिडिओ पाठवा, मूळ फाइल कधीच नाही.

मध्यंतरी एका चॅनेलने आमच्या एका स्पर्धेचे ठळक क्षण दाखवायला मागितले. दिले. अटी आमच्या होत्या : निम्मे पैसे आधी, मिनीमॅप कापायचा नाही, आणि श्रेयनामावलीत ऑब्झर्व्हरचं नाव कास्टरच्या वर. तिन्ही मान्य झाल्या, करारावर सही झाली, आणि फीड त्यानंतरच गेलं.