एकाच रायफलीवर दोन सालं

माझ्या स्प्रिंगफील्ड रायफलीवर दोन सालं कोरलेली आहेत. घोड्याशेजारच्या लोखंडी पट्टीवर, म्हणजे लॉकप्लेटवर, १८६४ आणि नळीमागच्या झडपेवर १८७०. विकत घेताना शेजारी उभे असलेले एक गृहस्थ हळूच म्हणाले, "सुटे भाग जुळवून केलेली दिसतेय, नका घेऊ." मी घेतली, आणि ती या दोन सालांमुळेच घेतली.

१८६५ मध्ये यादवी युद्ध संपलं तेव्हा अमेरिकी सरकारकडे लाखो ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून भरायच्या, बंदुका पडून होत्या. त्या टाकून नव्या घ्यायला पैसा नव्हता. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड शस्त्रागाराचे मुख्य कारागीर अर्स्किन ॲलिन यांनी वाट काढली: नळीचा मागचा, वरचा भाग कापायचा आणि तिथे बिजागरीवर उघडणारी झडप बसवायची, म्हणजे बंदूक मागून भरता येते. म्हणूनच या रायफलींना 'ट्रॅपडोअर', म्हणजे झडपेचं दार, म्हणतात. १८६६ च्या मॉडेलात जुन्याच .५८ इंचाच्या नळीत आतून दुसरी नळी बसवून तिचा व्यास .५० इंचावर आणला. १८६८ च्या मॉडेलात नळी नवी आली, झडपेसाठी वेगळा रिसीव्हर, म्हणजे नळीमागे जोडलेला लोखंडी सांगाडा, आला, पण लॉक, म्हणजे बार उडवणारी घोड्याची यंत्रणा, मात्र युद्धातल्या बंदुकांचंच वापरलं. त्यामुळे १८६४ आणि १८७० ही जोडी माझ्या रायफलीवर असायलाच हवी. नळीवरचा आणि रिसीव्हरवरचा क्रमांकही एकच आहे. तो जुळल्यावरच मी पैसे मोजले.

दुःख एकाच गोष्टीचं आहे. आधीच्या कुणा मालकाने दस्ता पॉलिश पेपरने घासून चकचकीत केलाय. डाव्या बाजूला लाकडात ॲलिन यांच्या नावाच्या आद्याक्षरांचा लंबगोल ठसा असतो. माझ्या रायफलीवर टॉर्च तिरका धरला तर त्या लंबगोलाची जेमतेम एक कड दिसते. दीडशे वर्षं टिकलेली खूण एका दुपारच्या हौसेत गेली. जुनी बंदूक हाती आली तर कृपा करून तिला 'नवी' करू नका. गंज वाढू नये इतकं तेल पुरे.

मागून भरायची कल्पना ॲलिन यांची नव्हे. जॉन हॉल यांची १८१९ ची, गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी रायफल हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रागारात बनत असे, तीही मागूनच भरायची. पण तिच्या सांध्यातून जळता वायू बाहेर यायचा. तो अडवला धातूच्या काडतुसाने. बार उडाला की काडतुसाचं धातूचं कवच, म्हणजे पुंगळी, फुगून नळीच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि मागची वाट बंद होते. सगळी युक्ती त्या पातळ पत्र्यात आहे.

नेमबाजीच्या मैदानावर नेण्याआधी जाणकार गनस्मिथकडून झडप आणि खिट्टी तपासून घेतली. मग नळीतून मऊ शिशाची गोळी ठोकत बाहेर काढली आणि मोजली: नळीतल्या पिळदार खाचांपाशी ०.५१५ इंच. त्या मापाच्या गोळ्या मी स्वतः ओततो, वीस भाग शिसं आणि एक भाग कथील, वर मधमाश्यांचं मेण आणि चरबी. काडतूस .५०-७०, म्हणजे ७० ग्रेन, साधारण साडेचार ग्रॅम काळी दारू, आणि ४५० ग्रेनची गोळी. आधुनिक बिनधुराची दारू या जुन्या लोखंडात मी घालत नाही. ते माझ्यापुरतं ठरलेलं आहे.

घोडा अर्ध्यावर ओढायचा, अंगठ्याने खिट्टी दाबून झडप वर उचलायची, काडतूस सरकवायचं, झडप खाली. 'टक्क' असा भरीव आवाज येतो. घोडा पूर्ण मागे. मग बार, आणि समोर पांढऱ्या धुराचा पडदा. शंभर यार्डांवर गोळी कुठे लागली ते धूर विरल्याशिवाय कळत नाही. खांद्याला धक्का बसतो, पण तो रेटल्यासारखा, झटक्यासारखा नाही.

झडप पुन्हा उचलली की पुंगळी मागे येते. ही लय हाताला बसल्यावर २ ऑगस्ट १८६७ ची वॅगन बॉक्सची लढाई मला वेगळी वाटू लागली. फोर्ट फिल कर्नी या अमेरिकी लष्करी ठाण्याजवळ गाड्यांच्या लाकडी पेट्यांआड बसलेल्या सुमारे तीस माणसांकडे १८६६ च्या नव्या रायफली होत्या. ठासणीची बंदूक पुन्हा भरताना जी उसंत मिळायची, ती त्या दिवशी हल्ला करणाऱ्या लाकोटा या मूळनिवासी जमातीच्या योद्ध्यांना मिळालीच नाही. ते स्वतःच्या भूमीतून जाणाऱ्या गोऱ्यांच्या वाटेविरुद्ध लढत होते. झडपेचा तो आवाज ऐकताना मला दोन्ही बाजू आठवतात.

पाचेक बारांनंतर नळीत काजळीचा कडक थर बसतो. रिकाम्या पुंगळीला फुंकायची एक छोटी नळी जोडून मी मागून दोन-तीन दीर्घ फुंकरा मारतो. श्वासातल्या ओलाव्याने थर मऊ होतो आणि पुढचा नेम टिकतो. घरी आल्यावर आधी उकळतं पाणी. काळ्या दारूची राख हवेतला ओलावा ओढते, त्यामुळे रात्रभरही थांबून चालत नाही. पहिलं पाणी शाईसारखं निघतं, सडक्या अंड्याचा वास येतो. चौथ्या पाण्याला ते स्वच्छ होतं. मग कोरडं फडकं, तेल, आणि माशीवरून, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुंटीवरून, एक बोट फिरवून रायफल कपाटात.