पट्ट्या

दुपारी बाबा सिनेमा बघत बसले होते. मी पाणी प्यायला आत गेले आणि परत आले, तर नायिका टीव्हीबाहेर गेलेली. आवाज येत होता, एक कान दिसत होता. बाबांनी झूम दाबलं होतं.

"वरखाली काळ्या पट्ट्या कशाला? पैसे अख्ख्या टीव्हीचे मोजलेत."

सिनेमास्कोपचं चित्र उंचीच्या २.३५ पट रुंद, आणि आपला टीव्ही १६:९, म्हणजे जेमतेम पावणेदोन पट. तो काठोकाठ भरायचा तर दोन्ही कडांचा मिळून जवळजवळ पाव सिनेमा जातो. हे मी सांगून पाहिलं.

"मधला दिसतोय ना? मग झालं."

तसं आम्ही वाढलोच मधल्या सिनेमावर. जुन्या टीव्हीची चौकट ४:३ ची. रविवारी सिनेमा सुरू झाला, की नावं मावावीत म्हणून चित्र दोन्हीकडून दाबलेलं असायचं. घोडेसुद्धा जिराफासारखे. "किती वाळलाय बाई हा!" आजी दर रविवारी हळहळायची. दिग्दर्शकाचं नाव गेलं रे गेलं, की सगळे एकदम अंगानं भरायचे आणि कडेचे लोक नाहीसे व्हायचे. दोघं समोरासमोर बोलत असले तर डावीकडे एक नाक, उजवीकडे एक नाक, मध्ये फुलदाणी. भांडण फुलदाणीचंच चाललंय असं वाटायचं.

'कागज़ के फूल' मी पहिल्यांदा असाच पाहिला. १९५९ चा, आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप. कॅमेरामन व्ही. के. मूर्तींनी ओस स्टुडिओत उन्हाचे झोत सोडलेत, आणि त्या पसाऱ्यात माणूस एवढासा. आमच्या टीव्हीवर तो ओसाडपणाच कापला गेला होता. गुरुदत्त एखाद्या बऱ्यापैकी खोलीत बसलाय आणि उगाच उदास आहे, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं.

बाबांना हे सांगावं म्हणून वळले, तर त्यांचा डोळा लागलेला. टीव्हीच्या वर आजोबांच्या पंचाहत्तरीचा फोटो आहे. फोटो आडवा होता; तयार फ्रेम मिळाली ती आखूड. बाबांनीच कात्री घेऊन बसवला. डाव्या कडेला नुसता एक हात उरलाय, कोपरापर्यंत, हिरव्या बांगड्यांचा.

तो आत्याचा. तिचा दुसरा फोटो घरात नाही.