आमची वाटचाल : काट्याच्या खोलीतून सर्व्हरच्या खोलीत

आमचं ऑफिस हिंगणघाटवरून वडनेरकडे जाताना रस्त्यालाच लागून आहे, समोर जिनिंग, म्हणजे कापसातून रुई अन् सरकी वेगळी करणारा कारखाना, अन् मागं तुरीचं वावर. काम एकच, जिनिंगवाल्यांचं सॉफ्टवेअर, म्हणजे काट्यावर गाडी आली की भरलेलं वजन, रिकामं वजन, ओलावा, भाव, चुकारा (कास्तकाराला द्यायचे पैसे) किती, आणि तिकडं रुई किती पडली, सरकी किती, गाठी किती बांधल्या. २०११ साली एका जिनिंगपासून सुरू केलं, तेव्हा त्यांच्याच काट्याच्या खोलीत साधा कॉम्प्युटर ठेवला होता. पुढच्या सीझनला चार जिनिंग झाल्या तेव्हा नागपूरवरून एक वापरलेला सर्व्हर आणला अन् सगळ्यांचा डेटा आमच्या इथं घेतला.

लोकांना वाटते सर्व्हर म्हणजे चोवीस तास सारखं काम. आमचं तसं नाही. सीतादही (कापूस वेचणीच्या सुरुवातीची पूजा) झाली, दिवाळी आली की आवक सुरू होते ते मार्चपर्यंत, आणि त्यातही खरा लोड संध्याकाळी ६ ते ९. सगळ्या जिनिंग एकाच वेळी दिवसाचा हिशोब बंद करतात आणि तो बंद झाल्याशिवाय चुकाऱ्याची यादी निघत नाही. यादी अडकली की कास्तकार बाहेर गाडीपाशी थंडीत बसून राहतो, हे मी रोज डोळ्यानं पाहत होतो, म्हणून प्रोसेसर हा माझ्यासाठी कधीच हौसेचा विषय नव्हता.

पहिल्या सर्व्हरमध्ये इंटेलचे दोन झिऑन ई५५२० प्रोसेसर होते, २००९ च्या पिढीतले, ४ कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग), वेग २.२६ गिगाहर्ट्झ, ८ एमबी कॅश (कोअरजवळची छोटी पण झटपट मेमरी), ८० वॅट. त्याच सॉकेटमध्ये पुढच्या, २०१० च्या पिढीतला ई५६४५ बसायचा, बोर्डाचं बायोस अपडेट केलं की झालं, अन् वापरलेले मिळत होते म्हणून दोन्ही बदलले. ६ कोअर, २.४ गिगाहर्ट्झ, १२ एमबी कॅश आणि वॅट तेवढेच ८०, कारण चिप बनवायचं तंत्र ४५ नॅनोमीटरवरून ३२ वर, म्हणजे आणखी बारीक झालं होतं. फायदा झाला पण मी जिथं पाहून राहिलो होतो तिथं नाही. दहा जिनिंग एकदम आल्या तरी सर्व्हर दबेना, पण एका जिनिंगचा हिशोब पूर्वी जेवढा वेळ घ्यायचा जवळपास तेवढाच घेत होता. म्हणजे जिनिंगमधल्या डीआर (डबल रोलर) मशिनी वाढल्या, एका मशिनीचा वेग तोच. आमच्या हिशोबात आधीच्या गाडीची शिल्लक लागल्याशिवाय पुढची लागत नाही, त्यामुळं एका जिनिंगचं काम एकाच कोअरवर चालते, बाकीचे तेव्हा उभे असतात. हे नीट समजायला मला २ सीझन लागले.

त्यानंतर काही वर्षं पटापट गेली, जिनिंग वाढल्या, कोरोनाच्या वर्षात एएमडीचा एपिक ७३०२पी घेतला, आणि २०२२ च्या सीझनआधी त्याच बोर्डावर पुढच्या पिढीतला ७३१३पी बसवायचा का, हा प्रश्न आला. कागदावर पाहिलं तर कोणीही म्हणेल काहून पैसे घालवता भाऊ. दोन्ही १६ कोअर, दोन्ही ३.० गिगाहर्ट्झ, दोन्हींची एल३ कॅश १२८ एमबी, दोन्ही १५५ वॅट. फरक दिसतो तो एवढाच की बूस्ट, म्हणजे गरज पडली की वाढणारा वेग, ३.३ चा ३.७ झाला. जुन्याची पिढी ऑगस्ट २०१९ ची, नव्याची मार्च २०२१ ची, दोन्ही ७ नॅनोमीटरच.

पण आतली मांडणी बदलली आहे अन् तीच मोठी गोष्ट आहे. जुन्या पिढीत कॅशचे १६-१६ एमबीचे वेगळे कप्पे, आमच्या चिपमध्ये एका कप्प्यावर २ कोअर. नव्यात ३२ एमबीचा एक कप्पा अन् त्यावर ४ कोअर. जिनिंगवाल्यांना मी असं सांगतो, की आधी दोन मशिनींमागे कापसाचा एक लहान ढीग होता, आता चार मशिनींमागे एक मोठा ढीग आहे, एकूण कापूस तेवढाच, पण बाजूच्या मशिनी बंद असल्या तर एकटी मशीन सगळ्या ढिगातून ओढू शकते, गोदामापर्यंत जावं लागत नाही. गोदाम म्हणजे रॅम. शिवाय कोअरही नवा आहे, एएमडीनं स्वतः एका क्लॉकमागे, म्हणजे वेग तोच धरला तरी, सरासरी १९ टक्के जास्त काम सांगितलं होतं.

पहिला ७३१३पी वापरलेला घेतला अन् तो चालूच झाला नाही. काही कंपन्यांच्या सर्व्हरमध्ये हा प्रोसेसर पहिल्यांदा लावला की सिक्युरिटीसाठी तो त्या कंपनीच्या बोर्डाशी कायमचा बांधला जातो, चिपच्या आतले फ्यूज जळतात, मग दुसऱ्या कंपनीच्या बोर्डात तो उठतच नाही. विकणाऱ्यानं हे सांगितलं नव्हतं, पैसे परत मिळायला दीड महिना गेला अन् मनस्ताप झाला तो वेगळा. वापरलेला एपिक घेणार असाल तर लॉक नाही हे लिहून घ्या.

दुसरा आल्यावर आम्ही घाई केली नाही. मागच्या सीझनमधला सगळ्यात जड दिवस निवडला, त्याची कॉपी काढली, रॅम तीच, एसएसडी त्याच, दोन्ही प्रोसेसरवर तोच हिशोब चार-चार वेळा चालवला अन् पहिली फेरी धरली नाही, कारण तेव्हा डेटा डिस्कवरून वर येत असतो. जुन्यावर पाऊण तास लागायचा, नव्यावर पस्तीस-छत्तीस मिनिटं. मग आमच्या पोट्ट्यानं डोकं लावलं, म्हणाला दादा हा फरक फक्त बूस्टचा असेल तर? म्हणून बायोसमधून बूस्ट बंद करून दोन्ही ३.० वर चालवले. फरक कमी झाला पण राहिला, म्हणजे तो पिढीचा फरक होता. रात्रीच्या बॅकअपला मात्र काहीच फरक पडला नाही, तिथं डिस्कचीच वाट पाहावी लागते, प्रोसेसर कोणताही लावा.

मला सगळ्यात जास्त समाधान वॅटचं वाटलं. आमच्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, लाईट जाते, खोलीचा एसी अन् यूपीएस हेच खरे खर्च आहेत. १५५ ला १५५ च राहिले, एसी तोच, बॅटऱ्या त्याच, अन् काम दहा मिनिटं आधी संपून राहिलं.

जुना ७३०२पी विकला नाही, तो दुसऱ्या बोर्डावर बॅकअप सर्व्हरमध्ये चालू आहे. अन् त्या जड दिवसाची कॉपीही जपून ठेवली आहे. आजूबाजूच्या कोणाला आपला सर्व्हर त्यावर चालवून पाहायचा असेल तर घेऊन या, फक्त सीझनमध्ये संध्याकाळी ६ नंतर नका येऊ, तेव्हा आम्ही चुकाऱ्याच्या यादीत असतो.