माळ्यावरची वैरण

जून उजाडला की आमच्या ऑफिसातला एक जण दिवसभर हवामानाचं ॲप बघत बसतो. सलग तीन कोरडे दिवस दिसले, की रजा टाकून गायब. पहिली दोन वर्षं मला वाटायचं, गडी मासे धरायला जातो. तो जायचा घरच्या गवताला. मॅडिसनपासून तासाभरावर, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या टेकड्यांत त्याच्या वडलांचं शेत आहे. यंदा माणसं कमी पडत होती, म्हणून मीही गेले.

पहिल्या दिवशी लसूणघास कापायचा, दुसऱ्या दिवशी वाळवून ओळीत ओढायचा, तिसऱ्या दिवशी दव उडाल्यावर बेलर फिरवायचा. बेलर ओळ गिळतो, दाबतो, दोन सुतळ्यांनी बांधतो आणि मागच्या गाडीवर गठ्ठा ढकलतो. एकेक गठ्ठा वीस-पंचवीस किलोचा. पहिले दहा मी हसत उचलले. चाळिसाव्यापर्यंत सुतळीनं बोटं सोलली होती आणि हात कोपरापर्यंत ओरबाडले होते. एवढ्या उकाड्यात बाकीचे पूर्ण बाह्यांचे शर्ट का घालून आलेत, ते तेव्हा समजलं. आधी कुणी सांगितलं नाही, बहुधा मुद्दामच.

कामं वयाप्रमाणे वाटलेली. बारा वर्षांची नात ट्रॅक्टरवर. (घरच्या शेतात मुलांनी काम करायला इथल्या कायद्यात वयाची अट नाही. मला ते बघवत नव्हतं, तिला माझी भीती बघून हसू येत होतं.) उंची पुरली की गाडीवर रचायला, खांदे भरले की माळ्यावर. माळा म्हणजे गोठ्यावरचा मजला, पत्र्याखालची भट्टी. आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आजोबा, म्हणजे माझ्या सहकाऱ्याचे वडील, खाली उभे राहून साखळीच्या पट्ट्यावर गठ्ठे ठेवणार. "वीस वर्षांपूर्वी मला माळ्यावरून उतरवलं," म्हणाले, "अजून राग आहे."

गठ्ठे विटांसारखे सांधा मोडून रचायचे, सगळ्यात खालच्या थराची सुतळी जमिनीला लागू द्यायची नाही, नाहीतर कुजते. माझा एक थर आजोबांनी वर येऊन, एक शब्द न बोलता, मोडून पुन्हा रचला. गावी कडब्याची गंजी रचताना माझे आजोबाही अगदी असंच करायचे. शिव्या तेवढ्या जास्त.

इथल्या आजोबांच्या वडलांच्या काळी गवत सुटंच, काट्यानं उचलून माळ्यावर जायचं. सुतळीला यंत्रानं गाठ मारण्याची युक्ती मात्र त्याहून जुनी. विस्कॉन्सिनातच वाढलेल्या जॉन ॲपलबीनं ती १८७० च्या दशकात धान्याच्या पेंढ्या बांधायला चालवली. आजोबा बेलरचं झाकण उघडून गाठ मारणारी ती चोच दाखवतात, घरातला देव दाखवावा तशी. सोडलेली सुतळी टाकत नाहीत. फाटक तिनंच बांधलेलं, कुत्र्याचा पट्टा तिचाच, आणि त्या दिवशी त्यांची पँटही.

खरं तर आता एवढ्या माणसांची गरज नाही. १९७१ मध्ये शेजारच्या आयोवात मोठ्या गोल गठ्ठ्यांचा बेलर निघाला. त्याचा एक गठ्ठा चार-पाचशे किलोचा, माणसानं हात लावायचं कामच नाही. मोठा मुलगा गाईंची वैरण तशीच करतो, एकटा, केबिनमध्ये गाणी ऐकत. छोटे गठ्ठे राहिलेत ते घोडेवाल्यांना विकण्यापुरते. भाव बरा मिळतो, असं तो सांगतो. पण चार गाड्या भरून पेट्रोल जाळत जमणारी ही माणसं त्या हिशेबात कुठे धरली आहेत, ते मी विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी पुन्हा गेले. ओलसर गवत माळ्यावर आतून तापतं आणि खरोखर पेट घेतं, म्हणून तपासावं लागतं. नातीनं लांब दांडीचा थर्मामीटर खुपसून आकडा वाचला, "पंच्याण्णव." फॅरनहाइटमध्ये ते काहीच नाही, काळजी दीडशेला. आजोबांनी मान डोलावली, बाही वर सारली आणि दोन गठ्ठ्यांच्या फटीत खांद्यापर्यंत हात घातला.