पन्नास नोंदींची एक दुपार

वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ‘तीन महिन्यांत सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास ठरलेल्या पद्धतीने शोधून, तपासून घेतलेला आढावा) पूर्ण करायचा आहे’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की हल्ली त्यावर लगेच काही बोलत नाही. त्या दिवशी मेडिसिनचा एक निवासी डॉक्टर नीट आखलेला तक्ता घेऊन आला. सर्पदंशाच्या रुग्णाला प्रतिविष देण्याआधी ॲड्रेनलिन दिल्यास रिॲक्शन टळते का, हा त्याचा विषय. शोधात सापडलेल्या लेखांच्या नोंदी दुबार वगळून २,३०० उरल्या होत्या आणि नोंदीला अर्धा मिनिट धरून त्याने चाळणीसाठी, म्हणजे कोणता लेख घ्यायचा आणि कोणता गाळायचा हे ठरवण्यासाठी, दोन शनिवार-रविवार राखले होते.

वाद घालण्याऐवजी मी त्यांतल्या पन्नास नोंदी सारांशासह छापल्या, दोन प्रती काढल्या आणि एकमेकांचा कागद न पाहता ‘घ्यावी’ की ‘गाळावी’ एवढेच लिहायचे असे ठरवले. त्याला एक तास पन्नास मिनिटे लागली. (मला जास्तच, काउंटरवर दोनदा उठावे लागले.) त्या वेगाने सगळ्या नोंदींना सुमारे ८४ तास होत होते, तेही एकाच वाचकाचे; चाळणी तर दोघांनी स्वतंत्रपणे करायची असते.

नऊ ठिकाणी आमचे निर्णय जुळले नाहीत आणि त्यांपैकी सात ठिकाणी कारण एकच निघाले: प्रतिविषानंतर हुडहुडी भरून येणारा ताप त्याने रिॲक्शनमध्ये धरला होता, तर मी अंगावर गांधी उठणे, दम लागणे, रक्तदाब उतरणे एवढेच धरले होते. “मॅडम, तो ताप पायरोजेनमुळे, म्हणजे औषधातल्या ताप आणणाऱ्या अशुद्धीमुळे येतो, ॲड्रेनलिनने कशाला थांबेल?” असे तोच म्हणाला आणि मग स्वतःच्याच खुणांकडे पाहत राहिला.

नव्या तक्त्यात पहिले तीन आठवडे प्रश्न आणि निकष पक्के करण्यालाच दिले, कारण अशा रिव्ह्यूंच्या आराखड्यांसाठी असलेल्या यॉर्क विद्यापीठाच्या ‘प्रॉस्पेरो’ नोंदवहीत आराखडा चाळणीपूर्वी नोंदवायचा, तर ‘रिॲक्शन’ म्हणजे काय हे तेव्हाच लिहावे लागते. मतभेद सोडवण्यासाठीही वेगळे दिवस धरले; पहिल्या तक्त्यात त्यांना जागाच नव्हती. ‘प्रॉस्पेरो’तल्याच नोंदींवरून २०१७ मध्ये काढलेली, नोंदणीपासून प्रकाशनापर्यंतची सरासरी ६७ आठवड्यांची आहे, हे मी सांगितले तेव्हा त्याने मुकाट्याने तीन महिन्यांवर काट मारली.

दुसऱ्या वाचकाचा रकाना रिकामा होता. त्याने तिथेच एका ज्युनिअरला फोन लावला आणि “सर, रविवारी नाही ना?” हा पलीकडचा प्रश्न मलाही स्पष्ट ऐकू आला.