समोर दुकान निघालं तरी आमचं चालू राहिलं

जुन्या पद्धतीची कटिंगची दुकानं फॅशन बदलल्यामुळे गेली, असं इंदूरमध्ये सगळेच म्हणतात. असं म्हणणारे कधी गल्ल्यावर बसलेले नाहीत. फॅशन तर आमच्या वडिलांनी पुष्कळ पाहिल्या. सत्तरच्या दशकात पोरांनी कान झाकतील एवढे केस वाढवले, कल्ले जबड्यापर्यंत उतरवले, तरी दुकान चाललं. लांब केसांनाही आकार द्यावाच लागतो आणि दाढी रोज वाढते. आमचं दुकान बुडायला आलं ते दोन गोष्टींनी. शहरातल्या कापडाच्या मिल बंद पडल्या, आणि त्याच सुमारास आमच्याच हाताखाली शिकलेल्या माणसाने समोर दुकान टाकून आमच्याबद्दल नको ते पसरवलं. पहिली गोष्ट साऱ्या शहराला माहीत आहे. दुसरी मी आज लिहितोय.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते खानदेशातून आले. भुसावळहून खांडवा, तिथे गाडी बदलून छोट्या लाइनने पाताळपाणीचा घाट चढून इंदूर. हातात हजामतीच्या सामानाची धोकटी, आणि मिलमध्ये आपल्याकडची माणसं आहेत एवढाच भरवसा. परदेशीपुऱ्यात लिंबाखाली विटेवर गिऱ्हाईक बसवून त्यांनी सुरुवात केली, मग गुमटी, म्हणजे छोटी टपरी, टाकली, मग हे दुकान घेतलं. पाटीवर ‘केशकर्तनालय’ एवढंच लिहिलं. हिंदी बोलणारे गिऱ्हाईकही तो शब्द बिनचूक वाचायचे. दोन लाकडी खुर्च्या छावणीतल्या एका मोडीत निघालेल्या दुकानातून आणल्या. डोकं टेकायची उशी लोखंडी दात्यांवर वरखाली सरकते, ती अजून तशीच सरकते. लहान मुलांसाठी खुर्चीच्या हातांवर आडवी ठेवायची फळी होती. परदेशीपुऱ्यातले आज आजोबा झालेले किती जण त्या फळीवर रडले असतील, सांगता येत नाही.

पाळी सुटल्याचा भोंगा झाला की बाकड्यावर जागा नसायची. अंगाला कापसाची तूस चिकटलेली असायची, ती आधी झटकायची, मग कापड बांधायचं. नाहीतर कात्री अडकते. पगार झाला की रोख, एरवी वहीत. श्रावणात आणि पितृपक्षात दुकान थंड, आणि अनंत चतुर्दशीच्या आधी मात्र जेवायला फुरसत नाही, कारण रात्री मिलच्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे चित्ररथ, निघणार आणि प्रत्येकाला ठाकठीक दिसायचं असतं.

दादांकडे दोन जर्मन वस्तारे होते, सोलिंगनचे. आज ते माझ्या कपाटात आहेत. वस्तारा सिल्लीवर, म्हणजे धारेच्या दगडावर, लावणं ही एक विद्या आणि चामोट्यावर, म्हणजे चामड्याच्या पट्ट्यावर, फिरवणं ही दुसरी. सिल्लीवर धार पुढे ठेवून जायचं, चामोट्यावर पाठ पुढे आणि धार मागे. परतताना पात्याच्या पाठीवर वळवायचं, धारेवर कधीच नाही. नवा पोरगा हमखास धारेवर वळवतो आणि चामोटं कापतो. दादा त्याला ओरडायचे नाहीत, ते कापलेलं चामोटं त्याच्याच हातात देऊन साबणाचा फेस करायला बसवायचे. हातमशीनचंही तसंच. दातांमध्ये तेलाचे दोन थेंब नसतील तर ते केस कापत नाही, उपटतं. गिऱ्हाईक काही बोलत नाही, मान आखडून घेतं आणि पुढच्या महिन्यात दुसरीकडे जातं. कात्री आम्ही मेरठचीच वापरली. मेरठच्या कात्रीला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिची किंमत आम्हाला त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होती.

१९९१ च्या डिसेंबरात हुकुमचंद मिल बंद झाली. शहरातल्या बाकीच्या मिलही पुढेमागे गेल्याच. वहीत उधारी साचत गेली आणि पगाराचा दिवस काही उजाडेना. माणसं घरीच दाढी करायला लागली, पोरांचे केस बायका कापायला लागल्या. दादा म्हणाले, उधारी मागायला कुणाच्या दारात जायचं नाही. आम्ही गेलो नाही.

त्याच दिवसांत एड्सचा प्रचार सुरू झाला. राष्ट्रीय कार्यक्रम १९९२ चा. दाढीला नवं ब्लेड मागा, असं सांगितलं जाऊ लागलं, आणि ते योग्यच होतं. दादांना जड गेलं, पण आम्ही लगेच ब्लेड बसवायचे वस्तारे आणले. पाकीट गिऱ्हाईकासमोर फोडायचं, ब्लेड मधोमध मोडायचं, अर्धं लावायचं, झाल्यावर डब्यात टाकायचं. सोलिंगन कपाटात गेले ते तेव्हाच.

आणि नेमकं तेव्हाच समोरचं दुकान निघालं. माणसाचं नाव लिहिणार नाही. आमच्याकडे तो फेस करण्यापासून शिकला, दादांनी त्याला कात्री धरायला शिकवली, त्याच्या लग्नात पुढे होऊन उभे राहिले. दुकान टाकलं याचा राग नाही. शिकलेला माणूस कधीतरी स्वतःचं काढणारच, दादांनीही तेच केलं होतं. पण जाताना तो दुसरा कारागीर फोडून घेऊन गेला, आणि गिऱ्हाइकांना सांगत सुटला की त्या म्हाताऱ्याकडे अजून तोच वस्तारा सगळ्यांच्या गळ्यावरून फिरतो, ‘भिया, बीमारी लग जाएगी.’ आमच्याकडे ब्लेड आलंय हे त्याला पक्कं माहीत होतं. पहिली पाकिटं त्यानेच फोडली होती.

अशा बोलण्याला उत्तर काय देणार? कोण तोंडावर विचारत नाही, माणसं नुसती रस्ता ओलांडतात. रविवारी सकाळी, जेव्हा बाकडं भरलेलं असायला हवं, तेव्हा दादा रिकाम्या खुर्चीचा आरसा पुसत बसायचे. भाडं थकलं. आईच्या पाटल्या गहाण गेल्या. एक खुर्ची विकायचं ठरलं होतं, गिऱ्हाईकही बघून गेलं होतं.

दुकान वाचवलं ते अण्णांनी. अण्णा साळखात्यात, म्हणजे मिलच्या विणाई विभागात, जॉबर (मुकादम) होते, मिल सुटलेली, आमच्या वहीत त्यांचीही उधारी. एक दिवस आले आणि म्हणाले, खुर्ची दाराशी आण, रस्त्याकडे तोंड करून. ऐन वर्दळीच्या वेळी बसले, मांडीवर नईदुनिया पेपर. मी पाकीट हातात घेतलं तर म्हणाले, दे इकडे. कागद त्यांनी स्वतः फाडला, ब्लेड दोन बोटांत धरून उजेडात वर केलं आणि रस्त्यावरच्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “बघून घ्या रे, कोरं आहे.” साळखात्याच्या खडखडाटात कमावलेला आवाज तो. मग रोज तेच. ज्यांच्या दाढीला दोन दिवसांचीही वाढ नसायची असे अण्णा रोज येऊन दाराशी बसले, हळूहळू त्यांचे साथीदार बाकड्यावर बसायला लागले आणि खुर्ची विकायची राहिली.

पुढची पंधरा-वीस वर्षं धंदा नीट चालला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. २०२० च्या टाळेबंदीत पुन्हा बंद राहिलो, सगळेच राहिले. समोरचा केव्हाच दुकान विकून गेला, तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. लग्नकार्यात दिसला की तो नमस्कार करतो, मीही करतो. त्याने एकदा तरी दादांना येऊन भेटायला हवं होतं. दादा गेले तेव्हाही तो आला नाही.

२०२३ च्या २५ डिसेंबरला हुकुमचंद मिलच्या कामगारांच्या थकबाकीचे २२४ कोटी रुपये निघाले. बत्तीस वर्षांनी. तोवर कितीतरी कामगार जग सोडून गेले होते, अण्णाही. नंतर त्यांचा मुलगा दुकानात आला. “बाबांची उधारी होती ना तुमच्याकडे?” म्हणाला. मी वही काढली. आकडा आजच्या चहा-पोह्यांएवढा. शेजारचे म्हणाले, अहो, त्यांच्याकडून कसले पैसे घेता! मी घेतले. ज्या माणसाने आमची अब्रू राखली त्याच्या नावावर बाकी ठेवायची नव्हती. त्याच्या मुलासमोर ओळ खोडली, तारीख घातली आणि त्याची दाढी करून दिली. तिचे पैसे मात्र घेतले नाहीत.

नव्याने दुकान टाकणाऱ्या पोरांना काही सांगतो. कारागिराशी निम्मं-निम्मं ठरवा, पण कागदावर. पहिले सहा महिने एसीपेक्षा चांगल्या खुर्चीवर खर्च करा, गिऱ्हाइकाच्या मानेला कळतं. आपली कात्री दुसऱ्याला देऊ नका, सख्ख्या भावालाही नाही. धार हाताच्या वळणाप्रमाणे बसलेली असते. दाढी शिकायला फुगा घ्या, त्यावर फेस लावा, फुटला नाही तर माणसाच्या गळ्याला हात लावा. श्रावणात गिऱ्हाईक नाही म्हणून कुढू नका, तेव्हा रंग काढा, आरशाचा पारा बघा, नळ दुरुस्त करा. माझा मुलगा फेड मारतो, ट्रिमर चालवतो, सुरेख चालवतो. पण मानेवरची लव आणि कानामागची रेघ वस्ताऱ्यानेच घे, हे त्याला रोज सांगावं लागतं.

आणि गिऱ्हाइकांना एवढंच सांगणं. दुकान कितीही झगमगीत असो, ब्लेडचं पाकीट तुमच्यासमोर फुटलं पाहिजे. आमच्याकडे आलात तरी मागून बघा. आम्ही हातात देतो, कागद तुम्हीच फाडा.