थडग्यापेक्षा खातेवही बरी

शनिवार, १२ एप्रिल

विहीणबाईंना घेऊन आज बोहेमियन नॅशनल सिमेट्रीत जाऊन आले. शिकागोच्या उत्तर भागात, पुलास्की रोडवर. बोहेमिया म्हणजे चेक लोकांचा मुलुख, ही त्यांची दफनभूमी. नातवाच्या शाळेत वंशवृक्षाचा प्रकल्प निघाला. त्यातली आमच्याकडची बाजू मी तासाभरात भरून दिली (खरीखोटी देव जाणे), आणि सुनेच्या बाजूला विहीणबाईंच्या पणजोबांपाशी गाडी अडली. ‘१८८०च्या सुमारास ऑस्ट्रियाहून आले’ एवढीच घरातली माहिती. ऑस्ट्रिया म्हणजे तेव्हाचं अख्खं साम्राज्य. त्यात चेक आले, पोलिश आले, क्रोएशियन आले. १९०६च्या आधी ज्यांनी इथलं नागरिकत्व घेतलं त्यांच्या कागदावर बहुतेक वेळा एवढंच सापडतं, की ऑस्ट्रियाच्या सम्राटाशी असलेली निष्ठा सोडली. गावाचा पत्ता नाही, आईबापांचा तर नाहीच.

विहीणबाईंनी बरीच वर्षं पिल्सन भागातल्या कॅथलिक चर्चच्या वह्या धुंडाळल्या होत्या. पिल्सन म्हणजे शिकागोतली चेक वस्ती, प्लझेन शहरावरून नाव पडलेली. आता तिथे मेक्सिकन लोक राहतात. मुलांचा एकही बाप्तिस्मा सापडला नाही. मग पणजोबांच्या मृत्यूच्या दाखल्यावर मी बोट ठेवलं. कुठे पुरलं याचा एक रकाना त्यात असतो. लोक वय वाचतात, कारण वाचतात आणि नेमका तो रकाना सोडून देतात. तिथे लिहिलं होतं, बोहेमियन नॅशनल. निम्मं कोडं तिथेच सुटलं.

ही दफनभूमी १८७७ साली निघाली ती भांडणातून. एका चेक बाईला कॅथलिक दफनभूमीत जागा नाकारली, का तर म्हणे तिने मरण्यापूर्वी पापाची कबुली दिली नव्हती. शिकागोतले चेक लोक भडकले. त्यातले बरेचसे आधीच चर्चपासून फटकून राहणारे, स्वतःला मुक्त विचारांचे म्हणवणारे. त्यांनी आपसांत पैसे जमवले आणि पाद्रीबाबाची परवानगी लागणार नाही अशी स्वतःची जमीन घेतली. आता अशा माणसाच्या मुलांचे बाप्तिस्मे चर्चच्या वहीत कुठून सापडणार? विहीणबाई म्हणाल्या, "म्हणजे आमचे पणजोबा नास्तिक होते?" आणि जराशा खूष झाल्या. दर रविवारी चर्चला जाणारी बाई! मला हसू आवरेना.

आत शिरल्यावर आधी भेटतात ते चेहरे. थडग्यांच्या दगडांत चिनी मातीच्या लंबगोल चकत्या बसवलेल्या आणि त्यांवर फोटो. कडक कॉलरची माणसं, डोक्यावरून रुमाल बांधलेल्या आज्या, एक मुलगी मांडीवर पुस्तक घेऊन बसलेली. शंभर वर्षांचं ऊनपाऊस खाऊनही फोटो ताजे. चालता चालता एक तारीख पुन्हा पुन्हा दिसायला लागते, २४ जुलै १९१५. त्या सकाळी वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यातले कामगार बायकामुलांसकट सहलीला निघाले होते. ईस्टलँड नावाची बोट शिकागो नदीत, धक्क्याला बांधलेलीच, एका अंगावर कलंडली. ८४४ माणसं गेली. कारखाना शिकागोला लागूनच्या सिसेरोत, आणि त्या भागात चेक वस्ती दाट, म्हणून त्यातले शंभराहून जास्त लोक इथे आहेत. महापौर अँटन सर्मॅकची कबरही इथेच आहे. बोहेमियात जन्मलेला माणूस शिकागोचा महापौर झाला आणि १९३३मध्ये मायामीत गोळी लागून मेला. मी त्याच्यापाशी थांबले नाही. मला आमचा माणूस हवा होता.

सापडला. दगडावर दोन नावं, नवरा आणि बायको, आणि चार सनं. खाली एका कोपऱ्यात सीएसपीएस ही अक्षरं. १८५४ साली सेंट लुईसमध्ये निघालेली चेक लोकांची मदत संस्था ती. महिन्याला वर्गणी भरायची आणि माणूस गेला की घरच्यांना पैसे मिळायचे. विहीणबाईंनी पिशवीतून तारेचा ब्रश काढला, तो मी हातातून काढून घेतला. पाणी आणि मऊ ब्रश, बस. अक्षरं पुसट असतील तर ऊन तिरपं होईपर्यंत थांबायचं, नाहीतर आरशाने बाजूने उजेड पाडायचा. खरवडलं की दगडाचा पापुद्रा निघतो, आणि पुढच्या माणसाला वाचायला काही उरत नाही.

खरा माल मात्र ऑफिसात होता. तिथल्या मुलीने त्या जागेचं कार्ड काढून दिलं. कुठला विभाग, कितवा लॉट (म्हणजे विकत घेतलेला जमिनीचा तुकडा), कोणत्या तारखेला कोण पुरलं. दगडावर माणसं दोन, कार्डावर पाच. जास्तीची तीन नावं पोरांची. वय वर्षांत नाही, वर्ष-महिने-दिवसांत मांडलेलं: एकाचं १ वर्ष ४ महिने ११ दिवस. पुरल्याच्या तारखेतून ते वजा केलं की जन्मतारीख आलीच, एखाददोन दिवस इकडेतिकडे. आणि लॉट घेणाऱ्याच्या रकान्यात पणजोबांचं नावच नाही! भलतंच आडनाव.

विहीणबाई गप्प झाल्या होत्या. त्यांच्या आजीने या तीन भावंडांचा कधी उल्लेखही केला नव्हता.

रविवार

फाइंड अ ग्रेव्ह या थडग्यांच्या वेबसाइटवर रात्री पाहिलं. कुणा अनोळखी माणसाने या दोघांचं पान केलंय, दगडाचा फोटोही लावलाय. पोरं नाहीत. कशी असतील? फोटो काढणारा दगडाचा फोटो काढतो, आणि दगड बसवायचा म्हणजे पैसे हवेत. १८९०च्या आसपास परक्या देशात बस्तान बसवणाऱ्या कामगाराकडे ते कुठले असायला! मोठ्यांचा दगडसुद्धा बहुधा पुढे कमावत्या मुलांनी बसवला असणार, आणि तेव्हा त्या तिघांची आठवण कुणाला होती, किंवा कुणाला काढायची होती?

जनगणनेतही ती सापडायची नाहीत. १८९०च्या जनगणनेचे कागद १९२१च्या आगीनंतर जवळजवळ सगळेच गेले, म्हणजे १८८० ते १९०० मधलं काही हाती लागत नाही. त्या वीस वर्षांत जी पोरं जन्मली आणि गेली, ती सरकारच्या मोजणीत आता सापडतच नाहीत. पण १९००च्या जनगणनेत बायकांना एक प्रश्न विचारला होता: मुलं किती झाली, आणि हयात किती? पणजीच्या ओळीत ७ आणि ४ असे दोन आकडे आहेत. हे आकडे विहीणबाईंनी पूर्वी पाहिले होते, पण लिहिणाऱ्याने गडबडीत काहीतरी लिहिलं असेल म्हणून सोडून दिले होते. उरलेली तीन कार्डावर आहेत.

माझं आता एक मत झालंय. दगड घरचे लोक लिहून घेतात, त्यामुळे त्यावर त्यांना हवं तेच येतं. वय दोन वर्षांनी कमी केलेलं, आडनाव इंग्रजी वळणाचं करून घेतलेलं. दफनभूमीच्या कारकुनाला त्या पोरांची माया असायचं काही कारण नव्हतं. खड्ड्याचे पैसे घेतले म्हणून त्याने नोंद केली, आणि हिशेबाची नोंद म्हणून ती चोख ठेवली. तारीख फक्त पुरल्याची असते हे लक्षात ठेवायचं. इथल्या हिवाळ्यात जमीन दगडासारखी होते, तेव्हा जुन्या काळी शवपेट्या कधीकधी दफनभूमीतल्या कोठीत ठेवून वसंतात पुरत.

मंगळवार

भलत्या आडनावाचा उलगडा झाला. पणजीचा भाऊ! तो स्वतः दोन रांगा सोडून दुसऱ्या लॉटमध्ये आहे. तो गेला तेव्हा ‘देन्नी ह्लासाटेल’ या शिकागोतल्या चेक वर्तमानपत्रात निधनाची चौकट आली होती, आणि तिच्यात त्याचं मूळ गाव छापलं होतं. दक्षिण बोहेमियातलं छोटंसं खेडं. फोनवर भाषांतर करून घेतलं, मग मंडळातल्या एका बाईंच्या चेक शेजारणीकडून तपासूनही घेतलं. इंग्रजी पेपरात या माणसाची ओळही आली नसती.

त्या भागातल्या चर्चच्या वह्या त्रेबोन्यच्या अभिलेखागाराने स्कॅन करून इंटरनेटवर फुकट ठेवल्या आहेत. अक्षर जुनं जर्मन वळणाचं, डोळे फुटतात. पण त्या वह्यांत एक सोय आहे, प्रत्येक नोंदीला घराचा नंबर असतो. भावाचा बाप्तिस्मा मिळाला, त्याच घर नंबरावर बहिणीचा मिळाला, आणि पुढे तिच्या लग्नाच्या नोंदीत नवरदेव शेजारच्या गावचा निघाला. पणजोबा असे मेव्हण्याच्या मागून सापडले. सरळ वाटेने कधीच सापडले नसते. नव्याने आलेला माणूस ज्याच्या भरवशावर आला, त्याच्याच जमिनीत पोरं पुरतो. म्हणून आपलं थडगं सापडलं तरी आजूबाजूचे लॉट आणि घेणाऱ्याचं नाव पाहिल्याशिवाय परत फिरू नये.

हे करताना मला आमचे नाशिकचे तीर्थोपाध्ये आठवत राहिले. लहानपणी वडिलांबरोबर गेले होते. गुरुजींनी गाव आणि आडनाव विचारलं, माळ्यावरून एक लांबोडकी वही काढली आणि आजोबांची सही दाखवली, मोडीत. वडिलांनी त्याच्याखाली सही केली. आमच्याकडे थडगी नाहीत, राख गोदावरीत जाते, पण ती वही आहे. तिच्यात कोण असतं? जो तीर्थाला गेला तो, आणि त्याने सांगितलेले भाऊ-मुलगे. माझ्या आजीची दोन मुलं लहानपणीच गेली. ती कुठल्याच वहीत नाहीत, आणि मला त्यांची नावंही माहीत नाहीत. हे मी विहीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या वहीवाल्याने खड्ड्याचे पैसे घ्यायला हवे होते."

गुरुवार

विहीणबाईंनी ठरवलंय, तिन्ही पोरांच्या नावाचा एक छोटा दगड बसवायचा. ऑफिसात फोन केला. लॉट ज्याच्या नावावर, त्याच्या वारसांची संमती लागते. म्हणजे मेव्हण्याच्या वंशजांची! नातवाच्या प्रकल्पाचा तक्ता पुन्हा टेबलावर आला, आता वरून खाली वाचायला. मेव्हण्याची एक शाखा नेब्रास्कात गेली, तिथेही चेक वस्ती मोठी आहे. त्या शाखेतली एक बाई विहीणबाईंना माहीत आहे. फक्त एका घराच्या विक्रीवरून दोघींचं बोलणं कधीच बंद झालंय.

सून म्हणाली, "आई, तुम्हीच करा फोन. तुमच्यावर कुणी चिडत नाही."

उद्या सकाळी करते. नेब्रास्कात तेव्हा किती वाजले असतील, आधी तेही बघायला हवं. तिथे वेळ आपल्यासारखीच की तासाने मागे, हे गावागणिक बदलतं.